पातळ सेन्सर टिकतो, पण खरे सांगतो का?

त्वचेवर चिकटवायच्या अतिपातळ सेन्सरविषयी वर्गात बोलताना कॅडेट्सचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, इतकी पातळ पट्टी पीटीत फाटणार नाही का?"

खरे तर ती पातळ असते म्हणूनच वाकवली तरी टिकते. पट्टी वाकली की तिची बाहेरची बाजू लांबते. या लांबण्याचे प्रमाण म्हणजे स्ट्रेन : जाडी भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट. १०० मायक्रोमीटर जाडीची पट्टी १ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली तर स्ट्रेन ५ टक्के येतो. २ मायक्रोमीटरची असेल तर अवघा ०.१ टक्का. वहीत मांडून पाहा. सर्किट जाडीच्या मधोमध ठेवले तर तिथे तो जवळजवळ शून्य होतो. टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१३ मध्ये अशी २ मायक्रोमीटरची सर्किटे दाखवली. कागदासारखी चुरगळली तरी ती चालत होती.

कोपर-गुडघ्यावर मात्र त्वचा नुसती वाकत नाही, ताणलीही जाते. तिथे पातळपणा पुरत नाही. तारा नागमोडी किंवा जाळीदार कराव्या लागतात. याच गटाने २०१७ मध्ये सोन्याची सूक्ष्म जाळी बोटावर लावून १०,००० हून अधिक वेळा वाकवली आणि ताणली.

मला मात्र त्यापुढचा प्रश्न मोठा वाटतो : इतक्या वेळा वाकल्यावर सेन्सर खरे सांगतो का? तुटलेला सेन्सर परवडला, कारण त्यावर कोणी विसंबत नाही. न तुटता मंदावलेला धोक्याचा. म्हणून ठरावीक दाब अचानक देऊन आकडा किती वेळात स्थिरावतो, दाब काढल्यावर शून्यावर परततो का, चढताना आणि उतरताना एकाच दाबाला दोन वेगळे आकडे दाखवतो का, हे नव्या पट्टीवर आणि हजारो फेऱ्यांनंतर, दोन्ही वेळा मोजायला हवे. तेही उष्णतेत, मिठाच्या पाण्याने भिजवून. आपला घाम खारटच असतो!

रूट मार्चला याचे महत्त्व कळते. उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंशांवर जाते, पण घामाने भिजलेली त्वचा त्याहून बरीच गार असू शकते. पट्टीवरचा आकडा ठीक दिसला तरी जोडीदार अडखळत किंवा असंबद्ध बोलत असेल, तर त्याला लगेच थांबवून सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि डॉक्टरांना बोलवा.

प्रयोग करायचा असेल तर कागदावर ६बी पेन्सिलने जाड रेघ गिरवा आणि तिच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. रेघ बाहेर ठेवून कागद वाकवला की रोध वाढतो, आत ठेवून वाकवला की घटतो. शंभर वेळा वाकवा आणि पहिल्या व शंभराव्या वेळचे आकडे शेजारी शेजारी लिहा.