मोहल्ला समिती
मोहल्ला समिती : एखाद्या वस्तीतील भिन्नधर्मीय सामान्य रहिवासी आणि त्या वस्तीसाठी नेमलेले पोलीस यांची, शांततेच्या काळातही नियमितपणे भरणारी संयुक्त समिती. पोलीस व अल्पसंख्याक समाज यांच्यात परस्परविश्वास निर्माण करणे आणि जातीय दंगलींना मुळातच आळा घालणे, हा तिचा उद्देश होय. तिचे बळ कायद्यात नसून लोकांच्या सहभागात आहे.

पार्श्वभूमी : यंत्रमागांचे केंद्र असलेल्या भिवंडी (जि. ठाणे) या शहरात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भीषण दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. सणासुदीच्या तोंडावर पोलीस ठाण्यात भरणाऱ्या पारंपरिक शांतता समित्यांत प्रतिष्ठित व पुढारी यांचाच भरणा असे. त्यामुळे सामान्य रहिवासी आणि शिपाई यांची ओळख होण्यास वाव नव्हता.

भिवंडीचा प्रयोग : १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीस आलेले सुरेश खोपडे यांनी ही पद्धत बदलली. त्यांनी मोहल्लावार समित्या स्थापून त्यांत दोन्ही समाजांतील कामगार, लहान दुकानदार व इतर सर्वसाधारण लोक घेतले. प्रत्येक समितीशी खालच्या श्रेणीच्या पोलिसांना जोडण्यात आले. बैठकांत दंग्यांचीच नव्हे, तर पाणी, गटारे, वीज, घरगुती भांडणे अशा दैनंदिन प्रश्नांचीही चर्चा होई. या सहवासामुळे अफवेची शहानिशा तत्काळ होऊ लागली. तक्रार करणाऱ्यास पोलीस चौकीत जाण्याचे भय उरले नाही आणि पोलिसांनाही वस्तीकडे केवळ संशयाने पाहण्याची सवय सोडावी लागली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतील दंगलींत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. जवळच असलेल्या भिवंडीत मात्र मोठी दंगल झाली नाही. खोपडे यांनी मुंबई जळाली, भिवंडी का नाही? या ग्रंथात या अनुभवाची मीमांसा केली आहे. आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात त्याची दखल घेतली.

प्रसार : मुंबईत १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश सहानी, माजी पोलीस आयुक्त जूलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे प्रभृतींच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात (१९९८) मुंबई पोलिसांच्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहाची नोंद असल्याने तिचे महत्त्व अधिकच जाणवते. ग्रामीण भागाची रचना निराळी आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात पोलीस ठाण्याच्या हद्दीत अनेक गावे येतात. तेथे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला पोलीस पाटील हाच ठाणे व गाव यांतील दुवा असतो. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगावच्या समित्यांद्वारे तंटे सामोपचाराने मिटविण्यावर भर दिला. याच जिल्ह्यातील सैलानी येथे होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत हिंदू व मुसलमान दोघेही मोठ्या संख्येने येतात. अशा प्रसंगी बंदोबस्ताचे यश स्थानिकांच्या सहकार्यावरच अवलंबून असते.

मर्यादा : ही व्यवस्था अधिकाऱ्याच्या आस्थेवर अवलंबून असल्याने त्याची बदली होताच ती शिथिल होण्याचा संभव असतो. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या नियोजित इमारतीच्या जागेवरून भिवंडीतच जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. गोळीबारात दोन नागरिक आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस ठार झाले. एकदा संपादन केलेला विश्वास आपोआप टिकत नाही, हे यावरून दिसून येते. पोलीस सेवेतील मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने कमी असल्याचे सच्चर समितीने त्याच वर्षी नोंदविले. समित्यांत राजकीय कार्यकर्त्यांचा शिरकाव झाल्यास त्यांचे रूपांतर पुन्हा नामधारी शांतता समित्यांत होते. त्यांचा उपयोग केवळ खबरी मिळविण्यासाठी होऊ लागल्यास लोक दुरावतात. सर्व समाजांना समान न्याय मिळतो, हा अनुभव वस्तीला सातत्याने येणे, हाच अशा सहकार्याचा खरा पाया होय.