ग्रीन कार्डाच्या रांगेत नोकरी बदलताना

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव या गावांतून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्यांच्या आणि डॉक्टरांच्या कुटुंबांत ग्रीन कार्ड, म्हणजे त्या देशात कायम राहण्याचा आणि कोठेही काम करण्याचा परवाना, हा विषय पहिली नोकरी लागल्यापासून मुले महाविद्यालयात जाईपर्यंत संपत नाही. ज्या कंपनीच्या अर्जावर माणूस रांगेत उभा राहिला ती कंपनी सोडली तर रांगेतली जागा जाईल का, आणि बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात हलवले तर अर्ज बाद होईल का, हे दोन प्रश्न तिकडच्या घरात आणि फोनवरून इकडच्या आईवडिलांच्या घरातही वर्षानुवर्षे विचारले जातात. कार्ड कधी मिळेल हे अर्जदाराच्या हाती नसते. परंतु वाट पाहण्याच्या काळात त्याला किती मोकळेपणाने जगता येते, हे बऱ्याच अंशी अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे यावर ठरते, आणि म्हणूनच ते टप्पे नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे.

नोकरीच्या आधारावरील ग्रीन कार्डाचे सामान्यतः तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात कंपनी त्या जागेसाठी जाहिरात देऊन पात्र अमेरिकी कामगार मिळत नसल्याचे श्रम खात्याला दाखवून देते. २००५ पासून रूढ असलेल्या या प्रक्रियेला ‘पर्म’ म्हणतात, आणि हा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो तो दिवस अर्जदाराची ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे रांगेतला क्रमांक, ठरतो. दुसऱ्या टप्प्यात कंपनी ‘आय-१४०’ हा अर्ज भरून आपली पत आणि उमेदवाराची पात्रता सिद्ध करते. तिसरा अर्ज, ‘आय-४८५’, हा अर्जदाराचा स्वतःचा असतो. पण तो त्याची तारीख रांगेत पुढे आल्याखेरीज भरता येत नाही.

रांग इतकी लांबण्याचे कारण १९९० च्या कायद्यात आहे. त्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डे ठरवली, त्यांत कुटुंबीयांचीही गणना केली, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक कार्डे जाऊ नयेत अशी मर्यादा कायम ठेवली. देश ठरतो तो जन्मस्थानावरून, नागरिकत्वावरून नव्हे. त्यामुळे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जन्मलेला अभियंता आणि त्याच कचेरीत शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा नेपाळात जन्मलेला सहकारी यांच्या प्रतीक्षेत अनेक वर्षांचे अंतर पडते. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतात जन्मलेल्यांसाठी, शिक्षण आणि कौशल्यानुसार पाडलेल्या वर्गांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या तारखा २०१३ च्या पहिल्या सहामाहीतच अडकलेल्या होत्या. माणसाचे कौशल्य पाहून त्याला बोलावणाऱ्या व्यवस्थेने त्याची प्रतीक्षा मात्र जन्मगावावरून ठरवावी, हा अन्याय आहे, आणि तो अन्याय म्हणूनच नोंदवला पाहिजे.

या प्रतीक्षेच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय घटना २००७ सालच्या जुलै महिन्यातली आहे. जूनच्या मध्यास अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केले की जुलैमध्ये नोकरीच्या जवळजवळ सर्व वर्गांच्या तारखा खुल्या राहतील, म्हणजे ज्यांचा पर्म मंजूर आहे त्यांना आय-४८५ भरता येईल. हजारो कुटुंबांनी वैद्यकीय तपासण्या उरकल्या, वकिलांची फी भरली, भारतातून कागद मागवले. आणि २ जुलैला, खिडकी उघडण्याच्या दिवशीच, कार्डे संपल्याचे सांगून ती बंद करण्यात आली. तेव्हा ‘इमिग्रेशन व्हॉइस’ या संघटनेच्या भोवती एकत्र आलेल्या अर्जदारांनी १० जुलै रोजी नागरिकत्व व स्थलांतर सेवेचे तत्कालीन संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात फुलांचे शेकडो गुच्छ पाठवले. ही कल्पना त्यांनी आदल्या वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ या चित्रपटातील गांधीगिरीवरून घेतली होती. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक राजकुमार हिरानी नागपूरचे, आणि ज्या गांधींच्या नावाने ही फुले गेली त्यांनी १९३६ पासून आपले बिऱ्हाड वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, थाटले होते. गोन्झालेझ यांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयांकडे वळती केली. त्याच आठवड्यात कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे मोर्चा निघाला, खटल्याची तयारी झाली, आणि १७ जुलैला सरकारने माघार घेऊन १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारण्याचे मान्य केले.

त्या महिनाभरात अर्ज भरलेल्या बहुतेक भारतीयांना कार्ड मिळण्यास पुढे कित्येक वर्षे लागली, आणि म्हणून त्या विजयाचे मोल अनेकदा कमी लेखले जाते. वास्तविक त्यांच्या पदरात जे पडले ते दैनंदिन जीवनाच्या दृष्टीने कार्डाच्या खालोखाल मोलाचे होते. ऑक्टोबर २००० मध्ये झालेल्या, बोलण्यात ‘एसी-२१’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने अशी तरतूद केली आहे की आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस उलटले आणि तो निकालात निघाला नसला, तर अर्जदार नवी कंपनी धरू शकतो; अट एवढीच की नवे काम जुन्याच्या समान किंवा त्याच प्रकारचे असावे. फेब्रुवारी २००८ च्या मध्यापर्यंत २००७ च्या सर्व अर्जदारांना ही मोकळीक मिळाली होती, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आर्थिक मंदीने नोकऱ्या जाऊ लागल्या तेव्हा ती त्यांच्या उपयोगी पडली. शिवाय आय-४८५ भरल्यावर ‘ईएडी’ हा काम करण्याचा स्वतंत्र परवाना जोडीदारालाही मिळत असल्याने, व्हिसाच्या अटीमुळे घरी बसलेल्या अनेक सुशिक्षित स्त्रियांना त्या वेळी प्रथमच नोकरी करता आली.

‘समान किंवा त्याच प्रकारचे’ काम कोणते, हे श्रम खात्याच्या व्यवसाय-वर्गीकरणातील संकेतांक, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप, लागणारे कौशल्य आणि वेतन यांचा एकत्र विचार करून ठरवले जाते. सॉफ्टवेअर लिहिणारा अभियंता बढती मिळून तशाच अभियंत्यांचा प्रमुख झाला तर सहसा अडचण येत नाही. तो उपाहारगृह काढू म्हणेल तर मात्र अर्जाचा आधारच नाहीसा होतो. नवी कंपनी ‘सप्लिमेंट जे’ या पुरवणी अर्जात कामाचा तपशील देते. हे सर्व जुळले तर नवी नोकरी कोणत्या शहरात आहे याला महत्त्व उरत नाही, आणि डलासचे कुटुंब सिएटलला निर्धास्त जाऊ शकते.

ज्यांची आय-४८५ ची वेळ अजून आलेली नाही, आणि आज भारतीयांत बहुसंख्य तेच आहेत, त्यांची स्थिती अधिक नाजूक असते. पर्म चालू असताना नोकरी सोडली तर सारे पहिल्यापासून सुरू करावे लागते. आय-१४० मंजूर झाल्यावर मात्र प्रायॉरिटी डेट, फसवणूक किंवा तशीच गंभीर चूक निघाली नाही तर, अर्जदाराकडेच राहते. नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, पण रांगेतली जुनी जागा सुटत नाही. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानुसार मंजुरीला १८० दिवस झाल्यानंतर जुन्या कंपनीने आय-१४० मागे घेतला तरी केवळ त्या कारणाने तो रद्द होत नाही, आणि त्याच्या आधारावर एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसाची मुदत सहा वर्षांपलीकडे वाढवून घेता येते. म्हणून मंजुरीनंतर सहा महिने थांबून मगच राजीनामा देणे शहाणपणाचे ठरते. त्याच नियमाने नोकरी गेल्यास साठ दिवसांपर्यंत देशात राहण्याची सवलत दिली. दुसरी कंपनी शोधून तिच्याकडून अर्ज दाखल करवायला एवढाच वेळ मिळतो, आणि मुले शाळेत जाणाऱ्या घराला तो फार अपुरा पडतो.

स्थलांतराचे बंधनही आय-४८५ भरण्याआधीच्या या काळात अधिक जाचते. पर्म विशिष्ट परिसरातील जागेसाठी असतो, त्यामुळे कंपनी तीच राहून कचेरी दूरच्या शहरात गेली तरी तो पुन्हा करावा लागू शकतो. एच-१बी धारकाचे कामाचे ठिकाण महानगर क्षेत्राबाहेर गेले तर सुधारित अर्ज आधी दाखल करावा लागतो, हे २०१५ च्या ‘सिमियो’ निर्णयाने स्पष्ट केले. घरून काम करणाऱ्यालाही हा नियम लागू होतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. घराचा पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत सरकारला कळवणे हे तर सर्वांवरच बंधनकारक आहे. बोटांचे ठसे किंवा मुलाखत यांची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि अर्जदार हजर राहिला नाही, तर अर्ज सोडून दिला असे धरून तो फेटाळला जाऊ शकतो.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी आहे, आणि वर्ध्याला ती जवळची आहे. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अट दीर्घकाळ पाळली. अमेरिकेतही जे-१ व्हिसावर उच्च प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरला दोन वर्षे मायदेशी परतावे लागते, किंवा ती अट माफ करून घेण्यासाठी डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते. अशा भागातील सेवेच्या जोरावर, पर्मशिवाय, ग्रीन कार्ड मागण्याचाही मार्ग आहे; मात्र कार्ड मिळण्यासाठी पाच वर्षांची सेवा पूर्ण व्हावी लागते. तोवर आडगावच्या दवाखान्यातून मोठ्या शहरात जाणे जवळपास अशक्य असते.

आय-४८५ प्रलंबित असताना भारतात यायचे असेल तर आधी ‘अ‍ॅडव्हान्स पॅरोल’ हा प्रवास-परवाना घ्यावा लागतो. ज्याच्याकडे चालू एच-१बी किंवा एल-१ व्हिसा आहे त्याला त्याची गरज नसते, पण केवळ ईएडीवर काम करणारा माणूस वडिलांच्या आजारपणाची बातमी ऐकून परवान्याविना विमानात बसला तर त्याचा अर्ज सोडून दिला असे धरले जाते. यासाठी अशा माणसाने प्रवासाचा बेत नसतानाही हा परवाना घेऊन ठेवावा. आय-४८५ सोबत जोडायच्या कागदांपैकी इकडे गावी करण्यासारखे काम जन्मदाखल्याचे आहे. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या नोंदवहीत जन्म बहुधा बारशाआधीच लिहिला गेलेला असतो, त्यामुळे वडिलांचे नाव आणि तारीख असते पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहतो. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या कित्येक जन्मांची तर नोंदच नसते. नाव नंतर भरून घेण्याची आणि उशिरा नोंद करण्याची सोय कायद्यात आहे, मात्र वर्ष उलटल्यानंतरच्या नोंदीस दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंद सापडत नसेल तर अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडता येतात. २००७ मध्ये खिडकी जेमतेम महिनाभर उघडी होती. देवळी किंवा समुद्रपूरच्या तहसिलीत हे कागद तेवढ्या मुदतीत हाती येतीलच असे नाही, तेव्हा तारीख जवळ येण्याची वाट न पाहता, आईवडील हिंडते-फिरते आहेत तोवरच ते काढून ठेवावेत.