वेबसाइट चालेना म्हणून 'सुडो' लावताय? आधी हे वाचा

नवा सर्व्हर घेतला, वेबसाइटचा प्रोग्रॅम टाकला, सुरू केला आणि स्क्रीनवर आलं: 'परमिशन डिनाइड'. मग कुणीतरी सांगतं, "पुढे सुडो लाव, चालेल." आणि खरंच चालतं! पण घोळ इथेच होतो.

परवानगी का मिळत नाही?

ब्राउझर वेबसाइटशी साधारणपणे ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतो. युनिक्सच्या जुन्या नियमानुसार १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त 'रूट'ला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला उघडता येतात. लिनक्सनेही हा नियम ठेवला.

मग सुडोने बिघडतं काय?

अख्खा प्रोग्रॅमच रूट म्हणून चालतो. उद्या त्यात एखादी त्रुटी निघाली, तर घुसणाऱ्याच्या हाती फक्त वेबसाइट लागत नाही. डेटाबेस, बॅकअप, दुसऱ्यांच्या फाइल्स, सगळंच जातं. वर लॉग पुसून तो मागमूसही ठेवत नाही. गेट उघडायला ठेवलेल्या वॉचमनला तिजोरीची किल्ली देण्यासारखंच हे!

अपाचे आणि एनजिनएक्स काय करतात?

त्यांची मुख्य प्रोसेस रूट म्हणून सुरू होते आणि पोर्ट उघडते. लोकांच्या रिक्वेस्ट मात्र वर्कर प्रोसेस हाताळतात. त्या कमी अधिकारांच्या खात्यावर चालतात. उबुंटूमध्ये या खात्याचं नाव 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'.

तुम्ही काय करायचं?

• प्रोग्रॅम साध्या खात्यावरून ३००० सारख्या पोर्टवर चालवा आणि पुढे एनजिनएक्स ठेवा.

• ते नको असेल तर 'सेटकॅप' कमांडने खालचे पोर्ट उघडण्याचा तेवढा एकच अधिकार द्या. पण तो थेट नोड किंवा पायथनला दिला, तर त्यावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला मिळतो.

• अडचण आली की फोल्डरला '७७७' परवानगी देऊ नका. त्याने सर्व्हरवरच्या कुठल्याही खात्याला तिथे लिहिता येतं. वेब सर्व्हरला फाइल्स वाचता आल्या की पुरे. लिहिण्याची परवानगी फक्त अपलोडच्या फोल्डरला द्या.

आजच तपासा

सर्व्हरवर 'पीएस ऑक्स' कमांड चालवा. पहिल्या रकान्यात प्रत्येक प्रोसेसचं खातं दिसतं. एनजिनएक्सच्या मुख्य प्रोसेससमोर 'रूट' असेल तर काळजी नाही. पण वर्करसमोर किंवा तुमच्या प्रोग्रॅमसमोरही तेच दिसलं, तर तिजोरीची किल्ली वॉचमनकडेच आहे.