घराला पाय फुटले की…

1910 साली पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने ‘टूरिंग लँडॉ’ काढली. मागच्या सीटचा बिछाना होई, ड्रायव्हरच्या पाठीमागे घडीचं बेसिन आणि रात्रीसाठी चक्क शौचाचं भांडं! मोटरहोमची ही पणजीच म्हणायची. तेव्हापासून या चाकांवरच्या घरात काहीतरी ठोकाठोक करायची माणसाची हौस फिटलेली नाही. ठोका, पण पडदे आणि दिव्यांच्या माळा जरा नंतर.

आधी गॅस. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की पाण्यासारखा खाली साचतो. म्हणून त्याचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा. छताला लावलेला अलार्म शोभेचा. कार्बन मोनॉक्साइडची तऱ्हा वेगळी. तो जवळजवळ हवेइतक्याच वजनाचा, सगळीकडे मिसळतो, वासही नाही. त्याचा अलार्म झोपणाऱ्याच्या उशीच्या आसपास. आणि सिलिंडरच्या कपाटाला तळाशी भोक दिसलं तर ‘उंदीर शिरतील’ म्हणून बुजवू नका हं! गळलेला गॅस गाडीत न साचता खाली निघून जावा म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

थंडीतली गंमत: एलपीजीतला ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायलाच नकार देतो, प्रोपेन उणे 42पर्यंत दम धरतो. बर्फात चहा हवा असेल तर सिलिंडर प्रोपेनचा.

आता वीज. 120 वॉटच्या उपकरणाला घरच्या 230 व्होल्टवर अर्धा अँपियर पुरतो, गाडीच्या 12 व्होल्टवर तब्बल 10 लागतात. त्यामुळे माळ्यावरची उरलीसुरली बारीक वायर इथे तापते, वितळते, पेटते. फ्यूज लावायचा तो बॅटरीला खेटून. तो पंख्याला वाचवायला नसतोच मुळी, वायरीला वाचवायला असतो. पंख्याजवळ लावलात तर मधली सगळी वायर बेवारस!

टायर झिजून नाही, म्हातारे होऊन दगा देतात, कारण ही गाडी वर्षातले कितीतरी महिने नुसती उभी असते. टायरच्या कडेवरच्या ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा. 3519 म्हणजे टायर 2019च्या 35व्या आठवड्यात बनलेला. पाण्याची 100 लिटरची टाकी भरली की 100 किलोचा पाहुणा गाडीत बसला, हेही टायरांनाच सोसायचं असतं.

आपल्याकडे पाना उचलण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनमानी बदलांना परवानगी देत नाही.

सगळ्यांत स्वस्त सुधारणा? छतावरच्या एसीसकट गाडीची उंची मोजून तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवणं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम इथे 11 फूट 8 इंच उंचीचा रेल्वेपूल होता. गाड्यांची छतं सोलून काढायचा, म्हणून टोपणनाव पडलं ‘कॅन ओपनर’. 2019मध्ये त्याला 8 इंच वर उचललं. छतं अजूनही सोलली जातात.