कळलावी : फूल पाहा, कंद उगाळू नका

पावसाळ्यात वस्तीमागच्या टेकडीवर, कुंपणावर, झुडपांवर एक वेल चढलेली दिसते. तिच्या पानांची टोके दोऱ्यासारखी वळून काटक्यांना धरतात. फूल आधी हिरवट-पिवळे, मग केशरी, शेवटी लालभडक होते आणि पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळतात. हीच कळलावी. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून लांगली हेही नाव. तमिळनाडूचे हे राज्यफूल आहे.

कळ लावते म्हणून कळलावी. बाळंतीण अडली की कंद वाटून तिच्या बेंबीवर, तळपायांना लावायची जुनी रीत. विंचू-सापाच्या दंशावर, सांधेदुखीवरही लेप देत. काही ठिकाणी पोटात देत, आणि तिथेच घात होतो.

प्रसूती कक्षात नोकरीला असताना एक पहिलटकरीण आली. उलट्या-जुलाबांनी गळून गेलेली. काय खाल्ले, विचारले तर कुणी बोलेना. बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "सिस्टर, कळा येईनात, म्हणून मुळी उगाळून दिली." त्या माउलीने सुनेच्या काळजीनेच दिली होती. पण गप्प राहण्यात मोलाचे तास गेले. सून वाचली, बाळ गेले.

या वेलीत कोल्चिसिन नावाचे विष असते, कंदात आणि बियांत भरपूर. गाउट या सांधेदुखीवर डॉक्टर त्याची गोळी देतात, तीही अर्ध्या मिलिग्रॅमची. उगाळलेल्या कंदात ते किती उतरले, हे कसे मोजणार? पोटात गेल्यावर काही तासांत घशाची आग, उलट्या, जुलाब सुरू होतात. मध्येच बरे वाटले तरी फसू नका; पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंड, हृदय, रक्त यांवर घाला पडतो.

म्हणून बायांनो, कंद रताळ्यासारखा दिसला तरी मुलांना खणू देऊ नका. कुणाच्या पोटात गेलाच तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा, उरलेला तुकडा सोबत न्या आणि काय दिले ते खरे सांगा. रागावण्यापेक्षा जीव मोठा.

कळा लांबल्या तर आशाताईंना हाक मारा, १०२ ची गाडी बोलवा. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. तो आपला हक्क आहे, मागून घ्या.