विश्लेषण : वसईतील २९ गावांची ‘एक्झिट’ १३ वर्षे का रखडली? आता पुढे काय?

ब्रिटनने युरोपीय महासंघ सोडण्याचा कौल २३ जून २०१६ रोजी दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश प्रत्यक्ष बाहेर पडला. मधली साडेतीन वर्षे संसदेतील कोंडी, फेटाळलेले करार आणि वाढवून घेतलेल्या मुदती यांत गेली. ‘काय तो एकदाचा निर्णय घ्या’ अशी तिथल्या सामान्य माणसाची भावना झाली होती. वसई तालुक्यातील २९ गावांची कहाणी याहून लांबली. वसई-विरार महापालिकेतून ही गावे वगळण्याची अधिसूचना राज्य सरकारने ३१ मे २०११ रोजी काढली. मात्र गावे बाहेर पडली नाहीत. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने आपलाच जुना निर्णय मागे घेत ही गावे महापालिकेतच ठेवण्याची प्रक्रिया सुरू केली आणि त्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या. हा पेच मुळात काय आहे, तो सुटला का नाही आणि या काळात गावांच्या पदरात काय पडले, याचा आढावा.

प्रकरण नेमके काय?

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगर परिषदा आणि आजूबाजूची ५३ गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महापालिका स्थापन झाली. तेव्हा पालघर जिल्हा अस्तित्वात नव्हता, वसई ठाणे जिल्ह्यात होती. महापालिका होताच गावांतील ग्रामपंचायती संपल्या. याला अनेक गावांनी कडाडून विरोध केला. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, गाव बंद ठेवले गेले. ऑक्टोबर २००९ मधील विधानसभा निवडणुकीत हाच मुद्दा गाजला आणि आंदोलनाचे नेते विवेक पंडित वसईतून अपक्ष म्हणून निवडून आले. १९९० पासून या मतदारसंघावर हितेंद्र ठाकूर यांचे वर्चस्व होते. ते पाहता हा निकाल म्हणजे गावांनी दिलेला कौलच मानला गेला.

त्यानंतर दीड वर्षाने, पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना, २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली. पश्चिम पट्ट्यातील आगाशी, निर्मळ, वाघोली, नाळे, वटार, राजोडी, भुईगाव, गास, गिरीज ही गावे त्यात होती, तशीच पूर्वेकडील मांडवी, शिरसाड, कामण यांसारखी गावेही होती. अधिसूचनेला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. न्यायालयाने स्थगिती दिली आणि गावे कागदावर वगळलेली, पण कारभारात महापालिकेचीच, अशा अवस्थेत अडकली.

गावांना बाहेर का पडायचे होते?

पहिले कारण जमीन. वसईचा पश्चिम पट्टा केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्यांसाठी ओळखला जातो. दादर-मुंबईच्या बाजारात वसईवाल्यांची भाजी आणि फुले पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. या पट्ट्यावर बांधकामाचे आक्रमण होईल, ही भीती महापालिकेपेक्षा जुनी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने चाललेली हरित वसईची चळवळ त्याच भीतीतून उभी राहिली होती. महापालिका आली म्हणजे बिल्डर आला, असे समीकरण गावकऱ्यांच्या मनात पक्के होते.

दुसरे कारण पाणी. या भागात घरटी विहीर आणि गावोगावी बावखले, म्हणजे गोड्या पाण्याची जुनी तळी, असा पाण्याचा स्वयंपूर्ण हिशेब होता. पावसाचे पाणी बावखलात साठते, जमिनीत मुरते आणि त्यावर वाड्या जगतात. बावखले बुजली, नैसर्गिक नाले अरुंद झाले की दोन्हीकडून फटका बसतो. उन्हाळ्यात विहिरीत खारे पाणी शिरते आणि पावसाळ्यात पाणी वाड्यांत, घरांत तुंबते. जुलै २०१८ च्या पुरात वसई कित्येक तास मुंबईपासून तुटली, लोकल बंद पडल्या, वीज गेली. त्यानंतर ‘आम्ही हेच सांगत होतो’ हा गावकऱ्यांचा सूर आणखी चढला.

तिसरे कारण कर आणि कारभार. ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि महापालिकेचा मालमत्ता कर यांत मोठा फरक असतो. नव्याने आलेल्या गावांना तो टप्प्याटप्प्याने लावला जातो, पण अखेर शहराच्याच दराला पोहोचतो. शिवाय ग्रामपंचायतीत सरपंच दारात सापडतो, ग्रामसभेत त्याला जाब विचारता येतो. महापालिकेत ग्रामसभा नाही.

मग महापालिकेची बाजू काय?

गावे वेगळी ठेवण्याला विरोध करणाऱ्यांचे मुद्देही तकलादू नाहीत. विरार-नालासोपाऱ्याची वस्ती गावांच्या वेशीपर्यंत आली आहे. रस्ते, गटारे, जलवाहिन्या, कचरा यांना गावाची हद्द कळत नाही. शहराला पूर आला तर त्याचे पाणी गावांतूनच समुद्राकडे जाते, त्यामुळे नाल्यांचे नियोजन एकत्रच करावे लागते. पाणी आणायचे तर मोठ्या योजना लागतात. सूर्या प्रादेशिक योजनेची क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर असून त्यातील १८५ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरारसाठी आहे. अशी योजना कुठल्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली नाही. आणि गाव महापालिकेबाहेर गेले म्हणून तिथे चाळी व इमारती उभ्या राहणार नाहीत, याची काय हमी, असाही प्रश्न विचारला जातो.

हा प्रश्न गैरलागू नाही. नवी मुंबईलगतची १४ गावे २००७ मध्ये आंदोलनानंतर महापालिकेबाहेर पडली. पुढे सुविधांअभावी तिथूनच पुन्हा आत घेण्याची मागणी झाली आणि २०२२ मध्ये सरकारने ती पुन्हा नवी मुंबईत घेण्याचे जाहीर केले.

निर्णय कोणाच्या हातात? गावाच्या की सरकारच्या?

इथेच गैरसमज सर्वाधिक आहे. गावाने ठराव केला म्हणजे गाव बाहेर पडले, असे होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २४३-थ नुसार एखादा भाग ग्रामीण, संक्रमणातील की शहरी हे ठरवताना लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व पाहिले जाते. हे ठरवण्याचा अधिकार राज्याला आहे. लोकांची इच्छा हा त्यातला निकष नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम ३ प्रमाणे महापालिकेची हद्द बदलण्यासाठी राज्य सरकारला महापालिकेशी विचारविनिमय करावा लागतो, प्रारूप अधिसूचना आधी प्रसिद्ध करावी लागते, त्यावरील हरकती ऐकाव्या लागतात आणि मगच अंतिम अधिसूचना काढता येते. यातली एखादी पायरी चुकली तर निर्णय न्यायालयात टिकत नाही. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत हेच घडले. तिथली २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. मार्च २०२० मध्ये त्यातील १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. महापालिकेशी कायद्याने आवश्यक असलेला विचारविनिमय झाला नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे महापालिकेतून काढण्याची घोषणा डिसेंबर २०२२ मध्ये झाली. तिथेही घोषणा एका दिवसाची आणि प्रक्रिया वर्षांची, हाच अनुभव आला.

मतदान घेऊन प्रश्न सोडवता आला असता का?

ब्रिटनप्रमाणे सार्वमत घेण्याची तरतूद आपल्या महापालिका कायद्यात नाही. लोकांना थेट विचारण्याचे ठळक उदाहरण मराठी वाचकांना मात्र चांगलेच माहीत आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. त्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला होता. वेगळे राहण्याच्या बाजूने १ लाख ७२ हजार १९१, तर विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७० मते पडली. विलीनीकरणवाद्यांना निकाल जिव्हारी लागला, पण प्रश्न तिथे मिटला.

मतदान घेतले की कोंडी फुटतेच असेही नाही. ब्रिटनमध्ये ५१.९ टक्के लोकांनी ‘बाहेर’ म्हटले, पण बाहेर म्हणजे नेमके कसे, हे मतपत्रिकेवर नव्हते. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार संसदेने तीन वेळा फेटाळला. २९ मार्च २०१९ ची मूळ मुदत उलटली, मे यांना पद सोडावे लागले आणि डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांना स्पष्ट बहुमत मिळाल्यावरच वाट मोकळी झाली. म्हणजे कौल लोकांनी दिला, तरी अंमलबजावणी राजकारण्यांच्याच हाती होती.

वसईत कोंडी कोणामुळे?

२००९ पासून राज्याने अशोक चव्हाण, पृथ्वीराज चव्हाण, देवेंद्र फडणवीस, उद्धव ठाकरे आणि एकनाथ शिंदे असे पाच मुख्यमंत्री पाहिले. जवळजवळ सर्वच मोठे पक्ष या काळात सत्तेत येऊन गेले. विरोधात असताना गावांच्या बाजूने बोलणे सोपे होते, सत्तेत आल्यावर गणित बदलत होते. महापालिकेवर बहुजन विकास आघाडीची भक्कम पकड होती आणि २०१४ व २०१९ या दोन्ही निवडणुकांत आघाडीचे तीन आमदार निवडून आले. काठावरच्या बहुमतात तीन आमदारांचे मोल काय असते, हे वेगळे सांगायला नको. दुसरीकडे गावांची नाराजी ओढवून घेणेही कोणाला परवडणारे नव्हते. न्यायालयात प्रकरण प्रलंबित असणे त्यामुळे सगळ्यांच्याच सोयीचे ठरले. विचारणा झाली की ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ एवढे उत्तर पुरत होते.

या काळात गावांनी काय गमावले?

गावे महापालिकेत असल्याने ग्रामीण भागाच्या योजनांचे दार बंद झाले. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून ग्रामपंचायतींच्या खात्यात थेट निधी द्यायला सुरुवात केली, पण इथे ग्रामपंचायतच नव्हती. रोजगार हमीची कामे आणि ग्रामीण घरकुल योजना यांचेही तेच. शहराचा भाग म्हणून मोठी कामे मागावीत, तर ‘तुम्हाला तर बाहेर पडायचे आहे’ हे ऐकण्याची पाळी. बांधकामे मात्र कोणाच्या निर्णयासाठी थांबली नाहीत. हरित पट्टा वाचवायचा म्हणून सुरू झालेला लढा तारखांमध्ये अडकला असताना वसईचे शहरीकरण वेगाने पुढे गेले. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे होती.

सर्वांत मोठे नुकसान प्रतिनिधित्वाचे आहे. ग्रामपंचायती २००९ मध्ये गेल्या. महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि निवडणूक न झाल्याने कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे ज्या गावांचा मूळ आग्रह ‘आमचा कारभार आम्ही निवडू’ असा होता, त्यांच्याकडे त्या काळात ना सरपंच उरला ना नगरसेवक.

याचा कायदेशीर परिणामही आहे. हद्द बदलताना सरकारने महापालिकेशी विचारविनिमय करायचा असतो. सभागृह नसताना महापालिकेच्या वतीने बोलतो तो प्रशासक, आणि त्याला नेमते राज्य सरकार. त्यामुळे विचारणारेही सरकार आणि उत्तर देणाराही सरकारनेच नेमलेला, अशी स्थिती येते. गावकऱ्यांच्या हाती उरते ती फक्त हरकत.

आता पुढे काय?

२०११ ची अधिसूचना मागे घेतल्याने तिला आव्हान देणाऱ्या जुन्या वादात फारसे काही उरत नाही. नव्या प्रक्रियेत हरकतींवर सुनावणी, त्याचा अहवाल आणि त्यानंतर राजपत्रात अंतिम अधिसूचना असा क्रम आहे. हरकती किती आल्या यापेक्षा त्यांची दखल कशी घेतली गेली, याला न्यायालयात अधिक महत्त्व असते. त्यामुळे सुनावणी घाईत उरकली तर नव्या अधिसूचनेलाही आव्हान मिळू शकते आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरेल.

गावे आत राहणार असतील तर गावकऱ्यांच्या दृष्टीने खरे प्रश्न वेगळे आहेत. वाड्या आणि बावखले नव्या विकास आराखड्यात कोणत्या वापरासाठी दाखवली जाणार? मालमत्ता कर कोणत्या टप्प्याने वाढणार आणि त्या बदल्यात पाणी केव्हा येणार? प्रभाग रचनेत ही गावे एकत्र राहणार की शहरातील मोठ्या वस्त्यांना जोडून त्यांचे मत विखुरले जाणार? आत की बाहेर या वादात १३ वर्षे गेली आणि यातल्या एकाही प्रश्नावर लेखी उत्तर मागितले गेले नाही. हरकतींच्या सुनावणीत ते मागता येणार होते. अंतिम अधिसूचना निघाल्यावर ती संधी राहणार नव्हती.