कॅमेरा घेताना फोटोग्राफर नेमकं काय बघतात?



परीक्षा संपल्या, निकाल लागला, की घराघरांत एक मागणी हमखास पुढे येते, "मला कॅमेरा हवाय." शाळेतही स्नेहसंमेलन जवळ आलं की कुणीतरी विषय काढतं, दरवर्षी बाहेरचा फोटोग्राफर बोलावण्यापेक्षा शाळेचाच एक कॅमेरा घेऊन टाकू. मग चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न असतो, "किती मेगापिक्सेलचा?" दुकानदारही त्याच आकड्यानं सुरुवात करतो. कॅमेरा घरी येतो, दोन-चार महिने हौसेनं वापरला जातो आणि मग कपाटात जाऊन बसतो. पैसे तर अडकतातच, पण मुलाची आवडही तिथेच थांबते. वर "एवढा महागाचा घेऊन दिला, वापरला का?" हे ऐकावं लागतं ते वेगळंच.

म्हणून आज आपण समजून घेऊ, की ज्यांचा हा रोजचा उद्योग आहे ते लोक नवा कॅमेरा घेताना काय बघतात. ते दोन प्रश्नांनी सुरुवात करतात : मला कशाचे फोटो काढायचे आहेत? आणि तिथे उजेड किती असेल? बाकी सगळं या दोन उत्तरांवरून ठरतं.

१) आधी विषय, मग कॅमेरा

भिगवणला उजनीच्या पाणलोटात रोहित पक्षी टिपणाऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स लागते आणि उडत्या पक्ष्यावर चटकन फोकस धरणारा कॅमेरा लागतो. पंढरीच्या वारीत दिवसभर चालत फोटो काढणाऱ्याला वजन कमी हवं, आणि आषाढातल्या सरींपासून थोडंफार संरक्षण असलेली बॉडी हवी. लग्नाचे फोटो काढणारा मेमरी कार्डाच्या दोन खाचा आहेत का ते आधी बघतो, कारण एक कार्ड बिघडलं तरी मुहूर्त पुन्हा येत नाही. कासच्या पठारावरची नखाएवढी फुलं टिपायची तर अगदी जवळून फोकस होणारी मॅक्रो लेन्स लागते.

या चौघांना "सगळ्यात चांगला कॅमेरा कोणता?" असं विचारलं तर चार वेगळी उत्तरं येतील, आणि चारही बरोबर असतील.

२) मेगापिक्सेलचा हिशेब

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके, एकूण २ कोटी ४० लाख. आता गरज किती ते पाहू. ए-फोर कागदावर चांगली छपाई करायची तर इंचाला ३०० ठिपके धरतात. त्या हिशेबानं २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके पुरतात. फोर-के टीव्हीचा पूर्ण पडदा भरायला ८३ लाख लागतात. म्हणजे घरातल्या आणि शाळेतल्या बहुतेक कामांना १० मेगापिक्सेलसुद्धा भागतात.

आणखी एक गंमत बघा. १२ चे २४ मेगापिक्सेल झाले म्हणजे फोटो दुप्पट मोठा छापता येतो असं वाटतं. पण ठिपके लांबी आणि रुंदी दोन्हींकडे वाटले जातात. त्यामुळे प्रत्येक बाजू फक्त १.४ पट वाढते. बाजू दुप्पट करायची तर ठिपके चौपट लागतात. जास्त मेगापिक्सेलचा उपयोग होतो तो मोठे फलक छापताना किंवा फोटोतला छोटा भाग कापून वापरताना. आज बाजारात नव्यानं मिळणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत २० च्या पुढेच मेगापिक्सेल असतात, त्यामुळे या आकड्यावर निर्णय घेण्याचं कारण उरत नाही.

३) सेन्सरचा आकार

पावसात अंगणात एक परात ठेवली आणि एक वाटी ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? परातीत. सेन्सरचं तसंच आहे, फक्त पावसाच्या जागी प्रकाश घ्यायचा. परातीत छोट्या वाट्या मांडल्या किंवा त्याहून छोट्या, जास्त वाट्या मांडल्या, तरी एकूण पाणी साधारण तेवढंच येतं. वाट्यांची संख्या म्हणजे मेगापिक्सेल आणि परातीचा आकार म्हणजे सेन्सर.

क्षेत्रफळं अशी आहेत :

• फुल फ्रेम : ३६ × २४ मिमी = ८६४ चौ. मिमी
• एपीएस-सी (निकॉन, सोनीचे) : सुमारे २३.५ × १५.६ मिमी = ३६७ चौ. मिमी
• मायक्रो फोर थर्ड्स : १७.३ × १३ मिमी = २२५ चौ. मिमी
• 'एक इंची' म्हणवला जाणारा : १३.२ × ८.८ मिमी = ११६ चौ. मिमी
• चांगल्या फोनचा मुख्य कॅमेरा : साधारण १० × ७.५ मिमी = ७५ चौ. मिमी

मग फोनचे रात्रीचे फोटो इतके छान कसे येतात? फोन एकापाठोपाठ अनेक फोटो घेतो आणि ते जोडून एक करतो. समोरचं दृश्य स्थिर असेल तर ही युक्ती उत्तम चालते. पण नाचणारी मुलं, खो-खोतला सूर, पंख फडफडवणारा पक्षी आला की तिची मर्यादा दिसते. मोठा सेन्सर लागतो तो अशा वेळी.

मात्र मोठा सेन्सर म्हणजे मोठी, जड आणि महाग लेन्ससुद्धा. शिकणाऱ्यासाठी एपीएस-सी हा चांगला मध्यममार्ग आहे. पक्षी टिपणाऱ्यांना तर त्याचा फायदाच होतो. त्यावर ३०० मिमीची लेन्स लावली की फुल फ्रेमवरच्या ४५० मिमीइतकं जवळचं दृश्य दिसतं.

४) खरा पैसा लेन्समध्ये

कॅमेऱ्याची बॉडी काही वर्षांनी जुनी होते, चांगली लेन्स मात्र दीर्घकाळ साथ देते. म्हणून जाणकार लोक बॉडीवर थोडं कमी आणि लेन्सवर थोडं जास्त खर्च करतात. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची छायाचित्रं घेतली. त्यांनी आपलं बहुतेक काम छोट्या लायका कॅमेऱ्यावर आणि मुख्यतः एकाच, ५० मिमीच्या लेन्सवर केलं.

लेन्सवर दोन आकडे असतात. पहिला मिमीमध्ये. तो लहान असेल तर दृश्य रुंद दिसतं, मोठा असेल तर लांबचं जवळ येतं. दुसरा एफचा आकडा. तो जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त.

उदाहरण घेऊ. कॅमेऱ्यासोबत बहुतेक वेळा १८-५५ मिमीची लेन्स मिळते. ५५ मिमीवर तिचा एफचा आकडा असतो ५.६. स्वतंत्र मिळणाऱ्या ५० मिमी लेन्सचा असतो १.८. आता ५.६ ला १.८ नं भागा आणि वर्ग करा. उत्तर येतं ९.७. म्हणजे दुसरी लेन्स जवळपास दहापट प्रकाश आत घेते!

याचा अर्थ स्नेहसंमेलनाच्या मंचावर बघा. मंद दिव्यांत पहिल्या लेन्सला १/२० सेकंद शटर उघडं ठेवावं लागत असेल, तर दुसरीला त्याच आयएसओवर १/२०० सेकंद पुरतो. १/२० मध्ये नाचणाऱ्या मुलीचे हात पुसट होतात, १/२०० मध्ये बरेचसे स्पष्ट येतात. शाळेचा कॅमेरा घेताना सगळं बजेट बॉडीवर संपवू नका, हे सांगायचं कारण हेच.

५) हातात घेऊन बघा

माहितीपत्रकात न दिसणाऱ्या काही गोष्टी दुकानातच कळतात.

• पकड : करंगळी हवेत राहते का? बटणं अंगठ्याला सहज सापडतात का? मुलासाठी घेत असाल तर मुलाच्याच हातात द्या.
• व्ह्यूफाइंडर : दुपारच्या उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही. मैदानावरचे फोटो काढायचे तर डोळा लावून बघायची सोय हवीच.
• फोकस : दुकानातून रस्त्यावरच्या चालत्या माणसावर फोकस धरून बघा. तो टिकतो का?
• बॅटरी : मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर आणि पडदा सतत चालू असतात, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी खर्चात आधीच धरा. मेमरी कार्ड आणि बॅगही धरा.

६) डीएसएलआर की मिररलेस?

डीएसएलआरमध्ये आरसा असतो, तो लेन्समधून आलेलं दृश्य डोळ्यापर्यंत पोचवतो. मिररलेसमध्ये आरसा नाही, सेन्सरवर पडलेलं दृश्य थेट छोट्या पडद्यावर दिसतं. त्यामुळे फोटो उजळ येईल की काळपट, हे बटण दाबायच्या आधीच कळतं. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेससाठी नवे माउंट आणले आणि आता त्यांचा भर तिकडेच आहे.

माउंट म्हणजे लेन्स जिथे बसते ती कडी. एका माउंटची लेन्स दुसऱ्या माउंटच्या कॅमेऱ्यावर सहसा थेट बसत नाही. म्हणून फोटोग्राफर कॅमेरा निवडताना त्यामागचा सगळा लेन्सचा संसार बघतात : पुढे हव्या त्या लेन्स मिळतील का, परवडतील का, आणि आपल्या गावाजवळ सर्व्हिस सेंटर आहे का?

७) जुना कॅमेरा वाईट नसतो

अनेक जण मिररलेसकडे वळल्यामुळे चांगले डीएसएलआर सेकंडहँड बाजारात येतात. शिकण्यासाठी ते उत्तमच. घेताना शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत, ते विचारा. सुरुवातीच्या स्तरावरच्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या हिशेबानं बनवलेलं असतं.

लेन्समध्ये टॉर्चचा उजेड टाकून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत ती लेन्सची मोठी शत्रू आहे. नवी लेन्ससुद्धा पावसाळ्यात कापडी किंवा चामडी बॅगेत महिनोन् महिने बंद ठेवली तर धरतेच. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढा स्वस्त उपायही उपयोगी पडतो. नवा कॅमेरा घेताना पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कंपनीची, भारतात चालणारी आहे ना, ते तपासा. नुसत्या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

८) मुलांसाठी : 'न जमलेल्या फोटोंची वही'

पालकांनो, मुलानं कॅमेरा मागितला तर लगेच 'हो' किंवा 'नाही' म्हणू नका. घरातल्या फोनवर तीन महिने फोटो काढू द्या आणि एक वही घालायला सांगा. मनासारखा न आलेला प्रत्येक फोटो त्यात नोंदवायचा : कशाचा होता, उजेड कसा होता, काय बिघडलं.

तीन महिन्यांनी वही दोघांनी मिळून वाचा. "पक्षी फारच लहान आला" असं वारंवार दिसलं तर लांब पल्ल्याची लेन्स हवी. "अंधारात हललेला आला" असं असेल तर एफचा आकडा लहान असलेली लेन्स आणि मोठा सेन्सर हवा. "मागे नको ते आलं", "डोकं कापलं गेलं" अशाच नोंदी जास्त असतील तर अजून सराव हवा, आणि सराव फोनवरही होतो. आणि वही चौथ्या पानानंतर कोरीच राहिली, तर तुमचे पैसे वाचले. मुलाला रागवू नका, आवड शोधतानाच असं होतं.

शिक्षकांसाठी यात आयते पाठ आहेत. एफचे आकडे फळ्यावर लिहा : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. पुढचा आकडा कसा मिळतो ते मुलांना शोधू द्या. प्रत्येक वेळी साधारण १.४ नं, म्हणजे २ च्या वर्गमुळानं गुणलेलं आहे आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो, हे त्यांना स्वतःला सापडलं की अपरिमेय संख्या पुस्तकातून बाहेर येते. सेन्सरमधून क्षेत्रफळ शिकवता येतं, शटरच्या वेगातून अपूर्णांक.

अशी वही भरून मूल दुकानात गेलं, की दुकानदाराच्या "किती मेगापिक्सेलचा दाखवू?" या प्रश्नावर ते सांगू शकेल, "मला मैदानावरचा खो-खो संध्याकाळी टिपायचाय, त्यासाठी काय आहे?" तुमच्या घरात किंवा वर्गात हा प्रयोग करून बघा.